सैल हातातला वाकडा गोळा

मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी जन्माचा वाकडा आहे. सरळ जा म्हटलं तर मला जमत नाही. कुणी कितीही नेम धरून सोडलं तरी थोडं अंतर गेलं की मी एका कुशीवर कलायला लागतो आणि वळत वळत भलतीकडेच जाऊन बसतो. तुम्ही म्हणाल, असला आडमुठा गोळा काय चुलीत घालायचाय? घालू नका. आमच्या खेळात मला या वाकडेपणासाठीच पारखून विकत घेतात.

मी लॉन बोल्सचा एक जुना गोळा आहे. काळा, जड, सोललेल्या नारळाएवढा आणि दोन्ही कुशींना किंचित दबलेला. खेळ ऐकायला अगदी सोपा आहे. गालिच्यासारखी कापलेली हिरवळ असते, खेळणाऱ्यांसाठी लांब पट्ट्यांत वाटलेली. तिच्या लांबच्या टोकाला एक छोटा पांढरा चेंडू ठेवलेला असतो, त्याला आम्ही किटी म्हणतो. आळीपाळीने आम्हाला त्या किटीकडे सोडायचं आणि ज्याचा गोळा तिच्या सर्वांत जवळ राहील त्याची सरशी. वाटेत इतरांचे गोळे आडवे पडलेले असतात. सरळ जाणारा त्यांच्यावर आपटेल. आम्ही मात्र वळसा घालून, घरच्या माणसासारखे मागच्या दाराने आत शिरतो.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. माझ्या एका कुशीवर मोठं चक्र कोरलेलं आहे आणि दुसरीवर लहान. मी नेहमी लहान चक्राच्या बाजूला वळतो. उजवीकडून वळसा घालून किटीकडे यायचं असेल, तर सोडताना लहान चक्र डावीकडे हवं. उलटं धरलं की संपलंच. किटीकडे यायचं सोडून मी शेजारच्या पट्ट्यावर घुसतो, तिथल्या लोकांच्या पायात जातो आणि सगळी हिरवळ हसायला लागते. याला आमच्याकडे 'उलटा गोळा' म्हणतात. हरण्याची कुणाला लाज वाटत नाही, गोळा कडेच्या चरात पडला तरी वाटत नाही, पण उलटा गोळा म्हणजे नामुष्की. भल्याभल्यांच्या हातून तो पडतो आणि मग वर्षानुवर्षं कुणी विसरू देत नाही.

माझा जन्म मेलबर्नच्या एका कारखान्यात झाला. माझ्या आधीच्या पिढीचे गोळे लाकडाचे होते, आम्ही राळेच्या भुकटीचे. साच्यात भरून, तापवून, दाबून आम्हाला घट्ट केलं आणि मग लेथवर चढवलं. एका कारागिराने माझी एक कूस दुसरीपेक्षा जराशी जास्त तासली, आणि तेवढ्यात माझं नशीब ठरलं. पुढे एका लांबलचक टेबलावरून मला घरंगळत सोडलं, माझं वळण तपासलं आणि ठीक आहे म्हणून बाजूला ठेवलं. आम्ही चौघे भाऊ, एकाच वजनाचे, एकाच वळणाचे. आमच्या चक्रांत गव्हाची ओंबी कोरली, कारण आम्ही गव्हाच्या मुलखात जाणार होतो.

तो मुलूख म्हणजे साउथ ऑस्ट्रेलियातलं बॅरनूक. धान्याची उंच कोठारं, एक बेकरी, एक शाळा आणि बोल्सचा क्लब, झालं गाव. आम्हाला मागवलं होतं शाळेच्या मुख्याध्यापिका हॅलरन बाईंनी. बाईंचा हात लहान, म्हणून आम्हीही लहान मापाचे. बाई शिस्तीच्या होत्या. प्रत्येक वेळी सोडण्याआधी आम्हाला फडक्याने पुसायच्या आणि खेळ संपला की एकेकाला पिशवीतल्या ज्याच्या त्याच्या खणात ठेवायच्या. माझी पाळी शेवटी असायची, आजही शेवटीच असते. त्यामुळे डाव सावरायचा की बुडवायचा हे बहुतेक वेळा माझ्या वाट्याला येतं.

बाईंचा हात कसा होता, ते मला सांगता येईल, कारण मी त्यात राहिलोय. बाई मला धरत नसत, हातावर बसवत. बोटं नुसती खाली पसरलेली, अंगठा कडेला टेकलेला. गुडघा वाकायचा, हात मागे जाऊन पुढे यायचा, आणि पुढे आला की मी आपोआप गवतावर असायचो. कधी सुटलो, ते मलाही कळायचं नाही. आपटल्याचा आवाज नाही, डुगडुगणं नाही. असा हात लाभणं हे गोळ्याचं भाग्यच म्हणायचं.

मग आली नोलीन. नोलीन पॅस्को शाळेची बस चालवायची. खडीच्या रस्त्यांवरून, खड्ड्यांतून, लांबलांबच्या शेतांवरून मुलं गोळा करून आणायची. खिडकीकडचा उजवा हात उन्हाने रापलेला, हसणं गावभर ऐकू जाईल असं. एका रविवारी बाईंनी तिला हिरवळीवर बोलावलं आणि मला तिच्या हातात दिलं. बाप रे, काय ती मूठ! तिने मला असं आवळलं की जणू मी कुणाचं पाकीट मारून पळत होतो. सोडलं तेव्हा मी दाणकन आपटलो, उडालो आणि अर्ध्या वाटेत डगमगत आडवा झालो.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "नोलीन, हे बसचं चाक नाही. गोळ्याला जायचंच आहे, जाऊ दे की त्याला."

नोलीन म्हणाली, सैल धरलं तर पडेल. बाईंनी विचारलं, घरी कोंबड्या आहेत ना, सकाळी कोंबडीखालून अंडं कसं काढतेस? नोलीनला ते पटलं. तरी सवय मोडायला तिला पूर्ण उन्हाळा लागला. पण एकदा हात सैल झाला तो असा झाला, की बाईसुद्धा बघत राहायच्या. पुढे बाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हा त्यांनी आम्हा चौघांना पिशवीसकट नोलीनच्या स्वाधीन केलं. तोंडाने एवढंच म्हणाल्या, फडकं रोज धूत जा.

ती वर्षं माझी सुखाची. गोळा किटीला शिवला की त्याला खडूने खूण करतात. कितीतरी शनिवारी मी कपाळी खडूचा टिळा लावून घरी गेलोय. नोलीनचा नवरा केल्व्हिन जोडीत तिचा कप्तान असायचा. तो किटीजवळ उभा राहून हाताने अंतर दाखवायचा आणि ती इकडून मला सोडायची. केल्व्हिन कमी बोलणारा माणूस. मी छान जाऊन बसलो की टोपी नुसती मागे सरकवायचा, आणि नोलीनला तेवढं पुरायचं.

आता क्लबातली एक रीत सांगतो. ती राखायची ग्वेंडा ट्रेस्ट्रेल. ग्वेंडा म्हणजे क्लबचं स्वयंपाकघर, क्लबची समिती आणि क्लबचं तोंड. खेळाच्या मध्यावर चहा होतो. करी घातलेल्या अंड्याची सँडविचं, स्कोन, खोबऱ्यात घोळवलेला केक आणि भल्यामोठ्या भांड्यात उकळलेला चहा. ज्याच्या हातून उलटा गोळा पडला असेल, त्याने सगळ्यांचे कप धुवायचे. आणि तो गुन्हेगार गोळासुद्धा मोरीवरच्या खिडकीत येऊन बसायचा, सगळ्यांनी बघावा म्हणून. गावच्या डॉक्टरने धुतले, पाद्र्यांनी धुतले, ग्वेंडाच्या सख्ख्या आईलाही सुटका मिळाली नव्हती. नोलीननेही धुतलेत, आणि धुताना इतक्या गमती केल्यात की लोक हातात कप धरून मोरीपाशीच उभे राहायचे. मी त्या खिडकीत बसलोय. खरं सांगू? मला तिथे बसायला आवडायचं.

मग नोलीनचे डोळे गेले. एकदम नाही गेले. मधोमध एक धुरकट डाग आला आणि तो वाढत गेला. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. माणसाचा चेहरा बघायचा तर ती त्याच्या कानाच्या बाजूला बघायची. ॲडलेडला जाऊन डोळ्यात सुया टोचून घेतल्या. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं टिकवू. बसचा परवाना काढून घेतला. मग केल्व्हिनने मोटारीची किल्ली आपल्या खिशात ठेवली. मग चहा तो ओतायला लागला, भाजी तो चिरायला लागला, दार तिने ढकलायच्या आत उघडायला लागला. त्याचं प्रेम होतं हो, माणूस जीव टाकायचा तिच्यावर. पण एकेक वस्तू तिच्या हातातून जात होती आणि ती गप्प होत चालली होती. ते गावभर ऐकू जाणारं हसणं मी त्या हिवाळ्यात ऐकलं नाही. आमची पिशवी दाराच्या मागे पडून राहिली, आणि फडक्याला कुणी हात लावला नाही.

उन्हाळ्यात क्लब उघडला, तेव्हा ती आली. हिरवळीच्या कडा तिला दिसत होत्या, आणि नीट मधोमध न बघता जरा बाजूला बघितलं की किटीजवळ उभ्या केल्व्हिनची टोपीही दिसत होती. पण माझं लहान चक्र तिला दिसेना. पूर्वी ती एक नजर टाकायची आणि झालं. आता हातात घेऊन ती मला उलटंपालटं करायची, अंदाज बांधायची. चाचपून कळलं असतं, पण इतक्या वर्षांत माझी चक्रं झिजून उथळ झाली होती. आणि काही कळेना म्हणून ती मला आवळायला लागली. जितकं कळेना तितकं जास्त आवळायची. मित्रांनो, आवळलेल्या बोटांना काही कळत नसतं. मी हातात असून तिला सापडत नव्हतो.

पहिल्याच शनिवारी उलटा गोळा पडला. मी शेजारच्या पट्ट्यावर जाऊन थांबलो आणि हसण्याची वाट बघू लागलो. कुणी हसलं नाही. कुणीतरी हळूच मला उचलून परत आणून ठेवलं. चहा झाला, कप कुणी धुतले तेही कळलं नाही, आणि मी खिडकीत गेलो नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. ग्वेंडा, जी स्वतःच्या आईला सोडत नाही, ती म्हणाली, "चालायचंच गं." नोलीनचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. तो कुणी पाहिला नाही, कारण सगळे तिच्या डोळ्यांकडेच बघत होते.

केल्व्हिनने त्यावर उपाय शोधला. नोलीन शेजारणीबरोबर सुईसाठी शहरात गेली असताना त्याने आम्हा चौघांच्या लहान चक्रावर मोठ्ठी पिवळीजर्द चिकटपट्टी लावली. आंधळ्यालाही दिसेल अशी. सांगितलं मात्र नाही, म्हणे तिला आनंद होईल. ती आली, पिशवीत हात घातला आणि अंगठा त्या चिकट कागदावर थांबला. तिने विचारलं, हे काय? त्याने सांगितलं. खुर्चीत बसून तिने नखाने एकेक पट्टी खरवडून काढली. मग म्हणाली, या शनिवारी क्लबातल्या जोड्यांच्या सामन्यात खेळते आणि मग बास. गोळे क्लबच्या दाराला लावून टाका.

हे दाराचं तुम्हाला कळायला हवं. क्लबच्या दारात एक लाकडी आजोबा बसलेले असतात. एकेकाळचा नामी गोळा. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून त्यांना तिथे ठेवलंय. कधी कुणाची लाथ बसते, कधी कुणी छत्री टेकवतं. आजोबांची चक्रं कुणी बघत नाही. म्हणजे नोलीनचं काय होणार आणि माझं काय होणार, हे त्या शनिवारवर येऊन ठेपलं होतं. माझा जीव टांगणीला लागला.

शनिवार आला. वारा नाही, कोठारांवर गुलाबी काकाकुव्यांचा कलकलाट, हिरवळ कोरडी आणि वेगवान. समोर जोडी होती ग्वेंडा आणि तिचा भाऊ आर्विन यांची. आमच्या खेळात दोन्हीकडचे पहिले खेळाडू एका टोकाला असतात आणि कप्तान दुसऱ्या टोकाला. म्हणजे नोलीन आणि ग्वेंडा शेजारीशेजारी, आणि केल्व्हिन लांब. त्या दिवशी त्याला तिच्या हातात काही नीट करून देता येत नव्हतं. बिचारा तिकडून नुसता हातवारे करत होता.

नोलीन मला आवळत होती. माझे भाऊ धडपडत कसेबसे जात होते. एक आखूड पडला, एक डगमगत भलतीकडे गेला. तरी केल्व्हिनने आपल्या गोळ्यांवर डाव सांभाळला होता. चहाच्या आधीच्या शेवटच्या फेरीत नोलीनने मला उचललं, फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि सोडलं. सुटताक्षणीच मला कळलं, उलटा. काय करणार? वळणं माझ्या हातात नाही. मी सरळ शेजारच्या पट्ट्यावर जाऊन त्यांच्या किटीला धडकलो.

हिरवळीवर कुणी हूं की चूं केलं नाही. ग्वेंडा तिच्या कानाशी म्हणाली, वारा आला मध्येच. पान हलेल इतकाही वारा नव्हता. मग कप्तानांचे गोळे झाले आणि चहाची घंटा झाली. नोलीनने कुणाला आणू न देता स्वतः चालत जाऊन, बराच वेळ पायाने चाचपत मला शोधलं, उचललं आणि क्लबच्या दिशेने निघाली. आजोबांना ओलांडून, टेबलांच्या मधून, सवयीने थेट स्वयंपाकघरात.

तिथे मोरीपाशी केल्व्हिन उभा होता. बाह्या वर सरकवलेल्या, हात फेसात. लोकांचा चहा पुरता संपलाही नव्हता, तो रिकामे झालेले कप घाईघाईने धूत होता. शेजारी ग्वेंडा पुसत होती. नोलीनला त्यांचे चेहरे दिसले नसतील, पण कपांचा आवाज दिसण्याइतका स्पष्ट होता.

"केल्व्हिन, ते कप माझे आहेत."

केल्व्हिन म्हणाला, अगं उभाच होतो, म्हटलं तेवढीच मदत. नोलीन तिकडे वळलीच नाही. तिने ग्वेंडाला विचारलं, नियम कधी बदलला? ग्वेंडा पुसलेलाच कप पुन्हा पुसत म्हणाली, तुला नीट दिसत नाही, उगीच कशाला त्रास.

"कप काय डोळ्यांनी धुतात, ग्वेंडा?" नोलीनचा आवाज चढला नाही, पण बाहेरची कुजबुज थांबली. "बस गेली. मोटार गेली. माझा चहा हा ओततो. उलटा गोळा पडला की खेळाडूने कप धुवायचे, ही तुझीच रीत. जिला कप धुवायला लागत नाहीत, ती खेळाडू नाही. तर मला एवढंच सांग, मी खेळाडू आहे की नाही?"

मी तिच्या हातात होतो. ती इतकी आवळत होती की मी राळेचा नसतो तर फुटलो असतो. केल्व्हिनने हात पाण्यातून काढले आणि फेस जमिनीवर ठिबकत राहिला. त्याचे डोळे भरले होते. त्याला वाईट वाटत होतं, आणि कशाचं वाईट वाटतंय ते आत्ताच कळलं होतं.

ग्वेंडाने हातातला टॉवेल खाली ठेवला. केल्व्हिनच्या हातातली घासणी घेतली आणि नोलीनच्या हातात कोंबली.

"धू मग," ती म्हणाली. "आणि बशांच्या मागचं पण धू. मागच्या खेपेला तशाच ठेवल्या होत्यास, विसरले नाहीये मी."

बाहेर कुणीतरी फिसकन हसलं, मग आणखी कुणी, आणि मग सगळा क्लब हसायला लागला. नोलीनही हसली. तेच ते हसणं, गावभर जाणारं. तिने मला खिडकीत बसवलं, माझ्या जुन्या जागी.

पहिला कप तिने गोळ्यासारखाच आवळला. साबणाचा कप तो, सटकला आणि बुडुक करून पाण्यात गेला. दुसराही गेला. तिसरा तिने सैल उचलला, नुसता बोटांवर टेकवून, आणि तो राहिला. मग एकेक कप येत गेला. हा कानाशी तडकलेला, हा केल्व्हिनचा. हा काठाला टवका उडालेला, ग्वेंडा, तुझ्या लग्नातला सेट ना? हा आर्विनचा, याच्या तळाशी साखर बसलेली. दारात लोक जमले होते, ती न बघता नावं सांगत होती, आणि एकही चुकत नव्हतं. ग्वेंडा कुरकुरत होती की बोलणं कमी कर, पाणी गार होतंय.

एका बशीच्या पाठीवर तिचं बोट थांबलं. तिथे चिनीमातीत कसलीशी बारीक गोल रेघ होती. इतकी बारीक की दिसणाऱ्यालाही दिसू नये. तिने तिच्यावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग ओला हात लांब करून तिने मला खिडकीतून उचललं. गरम पाण्याने हात मऊ झाला होता, ढिला पडला होता. तिने मला हातावर बसवलं, जसं हॅलरन बाई बसवायच्या. अंगठा मोठ्या चक्राच्या कडेला लागला. करंगळी लहान चक्राच्या खाचेत अलगद जाऊन बसली.

"अरे," ती हळूच मला म्हणाली, "इथेच होतास की."

इथेच होतो, नोलीन. कुठे जाणार होतो?

चहानंतरच्या खेळाचं मी लांबण लावत नाही. माझे भाऊ एकेक करून वळणं घेत जाऊ लागले. एखादा चुकलाही, पण उलटा कुणी गेला नाही. शेवटच्या फेरीला दोन्ही जोड्या बरोबरीत होत्या. ग्वेंडाचा गोळा किटीच्या पुढ्यात ऐसपैस बसला होता. माझी पाळी आली. करंगळीने लहान चक्र शोधलं. डोळे तिने केल्व्हिनच्या जरा बाजूला लावले, म्हणजे तो तिला दिसावा. गुडघा वाकला, हात मागे जाऊन पुढे आला, आणि मी गवतावर होतो. कधी सुटलो कळलंच नाही. किती वर्षांनी असा सुटलो होतो! उजवीकडे दूर गेलो, वेग ओसरला, मग माझ्या वाकडेपणाने मला डावीकडे हाक मारली. ग्वेंडाच्या गोळ्याच्या कुशीजवळून वळलो, मागच्या दाराने आत शिरलो आणि किटीला टेकून उभा राहिलो.

केल्व्हिनने टोपी मागे सरकवली. मग वाकून मला खडूचा टिळा लावला. लक्ष सगळं नोलीनकडे होतं, म्हणून टिळा वाकडा आला. असू दे, मी तरी कुठे सरळ आहे.

मग कप्तानांची पाळी, म्हणून नोलीन आणि केल्व्हिन आपापली टोकं बदलायला निघाले. मध्यावर ती त्याला भेटली. केल्व्हिनचा हात सवयीने तिच्या कोपराकडे गेला आणि वाटेतच थांबला. त्याने तो परत घेतला आणि पाठीमागे बांधला. नोलीन एकटी चालत माझ्यापर्यंत आली आणि शेजारी उभी राहिली.

आर्विन चांगला खेळाडू. त्याच्या गोळ्याने किटीला हलकेच ढकललं आणि ती त्यांच्या गोळ्यांत जाऊन बसली. आता केल्व्हिनचा शेवटचा गोळा. बरोबर आला तर आम्ही जिंकलो. केल्व्हिन, जो आयुष्यात क्वचितच चुकला, त्याने घाम पुसला, गोळा उचलला, नोलीनकडे पाहिलं, मूठ आवळली आणि सोडला.

नोलीनला तो दिसला नाही. पण हिरवळीवर सगळ्यांनी एकदम श्वास घेतलेला तिला ऐकू आला, आणि गोळा घरंगळत शेजारच्या पट्ट्याकडे निघालेलाही ऐकू आला. मुद्दाम केलं का म्हणाल, तर नाही. त्याचे गोळे माझ्या ओळखीचे आहेत, त्यांना खोटं बोलता येत नाही.

"केल्व्हिन," नोलीन तिकडून ओरडली, "कप!"

हरलो आम्ही. चषक ग्वेंडाने नेला आणि पुढचे कित्येक आठवडे तो सगळ्यांच्या नाकासमोर नाचवला. खेळ संपल्यावर पुन्हा चहा झाला आणि केल्व्हिन मोरीपाशी उभा राहिला, त्याचा गोळा खिडकीत. नोलीन दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मदतीला तिने बोटसुद्धा उचललं नाही.

"बशांच्या मागचं पण," ती म्हणाली.

मित्रांनो, आजोबा अजून दारात एकटेच बसतात. मी पिशवीत असतो, शनिवारी हिरवळीवर असतो, आणि अधूनमधून खिडकीतही असतो, कारण उलटा गोळा कधीतरी पडायचाच. फडकं ती रोज धुते. चिकटपट्ट्या पुन्हा कुणी लावल्या नाहीत. केल्व्हिन अजून दार उघडायला धावतो, मग आठवतं तेव्हा थांबतो. त्याला जमायला वेळ लागेल. मूठ सैल करायला नोलीनलाही पूर्ण उन्हाळा लागला होता.

तुम्हाला एकच विनवणी. आम्हा जुन्या वस्तूंना जपा, पुसा, जागच्या जागी ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या, थकलेल्या माणसांनाही जपा. पण जपता जपता त्यांना आवळू नका. त्यांच्या हातातलं काम काढून घेण्याआधी त्यांना विचारा. त्यांचे कप त्यांना धुवू द्या. एखादा फुटला तर फुटू दे.

आणि कधी बॅरनूकला आलात, मला हातात घेतलंत, तर डोळे मिटा आणि करंगळीने माझं लहान चक्र शोधा. घट्ट धराल तर सापडणार नाही.